पाऊस आला, पण कोणत्या वाऱ्याचा?

ताई-मावशींनो,

या अंकातला अभ्यासाचा पाठ वाऱ्याचा आहे. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या अंकात वाऱ्याचं काय काम? व्याज, हप्ता, बँक जोडणी सोडून मॅडम वाऱ्याकडं कुठं वळल्या? म्हणून आधी एक गोष्ट सांगते. ती माझ्याच चुकीची आहे.

माझं कामाचं पहिलं वर्ष होतं. मृग निघून चार दिवस झाले होते. आपल्या मराठवाड्यातल्या एका गावात बैठक होती. आदल्या दोन दिवसांत संध्याकाळी दणकून पाऊस झाला होता, नाल्याला पाणी आलं होतं. गटातल्या ताईंनी विचारलं, "मॅडम, बियाण्याचं कर्ज आजच वाटायचं का? पेरायचं का?" सकाळीच मी फोनवर बातमी वाचली होती, 'मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल'. मी म्हणाले, "हो, मान्सून आलाय. पेरून टाका."

अकरा जणींनी अंतर्गत कर्ज उचललं, सोयाबीन पेरलं. मग पाऊस गेला तो सतरा दिवस आलाच नाही. उगवलेली रोपं माना टाकून वाळली. आठ जणींवर दुबार पेरणीची वेळ आली. त्यातल्या एका मावशींना दोन एकर रान आहे आणि घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. दुसऱ्या पिशवीसाठी त्यांनी कानातली फुलं गहाण टाकली. त्या मला रागावल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच म्हणलात ना पाऊस लागला म्हणून?"

बातमी खोटी नव्हती. मोसमी पाऊस महाराष्ट्रात आला होता, पण तो कोकणात. आपल्या रानात पडला तो वळवाचा. दोन्ही पाऊसच, पाणी सारखंच. पण आणणारा वारा वेगळा होता आणि मला तो ओळखता आला नाही. मी समाजकार्य शिकलेली, हवामानाचं मला काही कळत नव्हतं. मग गावातल्या निवृत्त भूगोलाच्या गुरुजींकडं आणि कृषी सहायकांकडं बसून, पुस्तकं वाचून समजून घेतलं. तेच इथे मांडते आहे.

1. वारा म्हणजे काय?

चूल पेटल्यावर धूर वर जातो, कारण तापलेली हवा फुगते, हलकी होते आणि वर चढते. ती वर गेली की चुलीजवळ जागा रिकामी राहत नाही. आजूबाजूची गार, जड हवा तिथं धावत येते. ही धावणारी हवा म्हणजेच वारा.

जिथं हवा हलकी होऊन वर जाते, तिथं हवेचा दाब कमी होतो. जिथं हवा गार आणि जड असते, तिथं दाब जास्त. वारा नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जायला बघतो. बातम्यांत 'कमी दाबाचा पट्टा तयार झाला' असं म्हणतात, तेव्हा हीच चूल डोळ्यांपुढं आणा. चूल जेवढी पेटलेली, तेवढी हवा तिकडं जोरात ओढली जाणार.

आता दुसरी गोष्ट. उन्हात एका ताटलीत माती आणि दुसरीत पाणी ठेवा. तासाभरानं माती चटका देईल, पाणी कोमटच असेल. संध्याकाळी उलटं, माती लवकर गार होईल आणि पाणी ऊब धरून ठेवेल. जमीन लवकर तापते, लवकर निवते. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो.

कोकणातल्या आपल्या बहिणींना हे रोजचं आहे. दिवसा जमीन तापते म्हणून वारा समुद्रावरून जमिनीकडं येतो, तो खारा वारा. रात्री जमीन निवते, समुद्र उबदार राहतो, म्हणून वारा जमिनीवरून समुद्राकडं जातो. त्याला मतलई वारा म्हणतात. एका दिवसात वारा दिशा बदलतो, हे लक्षात ठेवा. पुढं हाच खेळ वर्षाच्या मापात येणार आहे.

2. साऱ्या पृथ्वीचा वारा

भिंतीवर बॅटरीचा उजेड सरळ पाडला तर लहान, प्रखर गोल दिसतो. तिरपा पाडला तर तोच उजेड पसरतो आणि मंद होतो. सूर्याचं ऊन असंच आहे. पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यावर, म्हणजे विषुववृत्तावर, ते बहुतेक सरळ पडतं. दोन्ही ध्रुवांकडे तिरपं पडतं. म्हणून मधला पट्टा ही पृथ्वीची कायम पेटलेली चूल आहे.

तिथली तापलेली, ओली हवा वर चढते, वर गार होते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि मुसळधार पाऊस पडतो. आफ्रिकेतल्या काँगोची आणि दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनची घनदाट जंगलं या पट्ट्यात आहेत. पाऊस पाडून कोरडी झालेली हवा उंचावरून उत्तरेला आणि दक्षिणेला सरकते आणि साधारण 30 अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, ढग बनू देत नाही. सहारा, अरबस्तान आणि ऑस्ट्रेलियातली वाळवंटं याच उतरत्या हवेच्या राज्यात आहेत. मग खाली आलेली हवा जमिनीलगत पुन्हा विषुववृत्ताकडं धावते. या वाऱ्यांना पूर्वीय वारे किंवा व्यापारी वारे म्हणतात. शिडाच्या जहाजांचा व्यापार त्यांच्या भरवशावर चालायचा. काही हवा ध्रुवांच्या बाजूला जाते. ते पश्चिमी वारे, युरोपला पाऊस देणारे. मुलांच्या शाळेच्या भूगोलात हे चित्र आहे, त्यांच्याकडून काढून घ्या.

पण वारे सरळ उत्तर-दक्षिण का जात नाहीत? कारण खाली पृथ्वी फिरते आहे. घरी जातं असेल तर करून बघा. एकीनं जातं घड्याळाच्या उलट दिशेनं हळू फिरवायचं आणि दुसरीनं खडूनं मधून कडेकडं सरळ रेघ ओढायची. हात सरळ गेला तरी रेघ उजवीकडं वळलेली दिसेल. पृथ्वीच्या उत्तर भागात वारा असाच आपल्या उजवीकडं वळतो, दक्षिण भागात डावीकडं. फ्रान्सच्या कोरिऑलिस नावाच्या गणितज्ञानं 1835 साली फिरत्या वस्तूंवरचं हे गणित मांडलं, म्हणून त्याचं नाव याला मिळालं आहे.

3. आपण वाळवंट का नाही?

नकाशावर नागपूरच्या रेषेत सरळ पश्चिमेला बोट न्या. अरबस्तान ओलांडून ते आफ्रिकेत सहारा वाळवंटात पोचतं. अक्षांश तोच, ऊन तेवढंच. मग तिथं वाळू आणि इथं कापूस, ज्वारी, तूर कशी?

आपला पट्टाही पूर्वीय वाऱ्यांचाच. हिवाळ्यात तसंच असतं. उत्तरेकडून, ईशान्येकडून कोरडा, गार वारा येतो. तो जमिनीवरून येतो, म्हणून त्याच्याजवळ पाणी नसतं. पण उन्हाळ्यात वारा उलटा फिरतो, आणि जून ते सप्टेंबर हे चार महिने समुद्रावरून जमिनीकडं वाहतो. 'मोसमी' हा शब्द अरबी 'मौसिम' वरून आलाय. मौसिम म्हणजे हंगाम. हंगामाप्रमाणं दिशा बदलणारा म्हणून मोसमी वारा. खारा-मतलई वारा दिवसाला फिरतो, हा वर्षाला फिरतो.

त्याची वाट अशी आहे. मे महिन्यात राजस्थान, सिंध, पंजाबकडची जमीन तव्यासारखी तापते आणि तिथं कमी दाब तयार होतो. उत्तरेला हिमालयाची भिंत आणि उंचावर तापलेलं तिबेटचं पठार ही ओढ आणखी वाढवतात. तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला हिवाळा असतो. मॉरिशस आणि मादागास्करच्या दक्षिणेकडच्या समुद्रावर गार, जड हवेचा जास्त दाब असतो. तिथून वारा निघतो. आधी तो वायव्येला, आफ्रिकेच्या किनाऱ्याकडं जातो. केनिया, सोमालियाजवळ विषुववृत्त ओलांडतो, तिथल्या डोंगरांच्या कडेनं वळतो आणि उत्तर भागात आल्यावर उजवीकडं झुकतो. मग तो नैऋत्येकडून येणारा वारा होतो आणि अरबी समुद्रावरून थेट आपल्या किनाऱ्याकडं निघतो. हजारो किलोमीटर समुद्रावरून येताना तो वाफ पीत येतो. आपल्या रानातलं पाणी किती लांबून आलेलं असतं बघा!

साधारणपणे तो 1 जूनला केरळात, 11 जूनच्या आसपास मुंबईत आणि 8 जुलैपर्यंत सगळ्या देशात पोचतो. सप्टेंबरच्या मध्यात राजस्थानातून परत फिरू लागतो. या सरासरीच्या तारखा आहेत, एसटीचं वेळापत्रक नाही.

4. घाटाच्या या बाजूला

अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्याला सह्याद्री आडवा येतो. वारा डोंगर चढतो. वर जाताना हवा दर किलोमीटरला साधारण 6 अंशांनी गार होते, वाफेचं पाणी होतं आणि कोकणात, घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. घाट ओलांडून वारा आपल्याकडं उतरतो तेव्हा पिशवी बरीच रिकामी झालेली असते. शिवाय उतरताना हवा तापते, ढग विरतात.

एकट्या सातारा जिल्ह्यात बघा. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात सुमारे 500 मिलिमीटर. वारा तोच आहे, फक्त माण डोंगराच्या पलीकडं आहे. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. मराठवाड्यात जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी साधारण 650 ते 700 मिलिमीटर पाऊस होतो.

म्हणजे मुंबईत पाऊस सुरू झाला म्हणून आपल्याकडं झाला असं नाही. आपल्याला चांगला, सगळीकडं पडणारा पाऊस बऱ्याचदा दुसऱ्या बाजूनं मिळतो. बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार होऊन तो ओडिशा, छत्तीसगड, विदर्भावरून पश्चिमेला सरकतो तेव्हा आपल्याकडं झड लागते. म्हणून बातम्यांत 'बंगालच्या उपसागरात कमी दाब' असं आलं की आपण कान टवकारायचे.

पावसाचा खंड का पडतो, तेही इथंच समजतं. पावसाळ्यात राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा पसरलेला असतो. तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिकडं पूर येतात आणि आपल्याकडं ढग नुसते पळत राहतात. पट्टा पुन्हा दक्षिणेला आला की पाऊस परततो.

5. वारा कधी दगा देतो?

*2023 साल.* मोसमी पाऊस केरळात 8 जूनला, आठवडाभर उशिरा आला. त्याच वेळी अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ होतं. ते 15 जूनला गुजरातेत कच्छच्या किनाऱ्याला धडकलं. चक्रीवादळ म्हणजे समुद्रावरची फार मोठी चूल, ते आजूबाजूची ओली हवा आपल्याकडं ओढून घेतं. कोकणाच्या दक्षिण टोकापर्यंत आलेला मोसमी पाऊस तिथंच अडला, आणि मुंबईत 25 जूनला पोचला. पुढं ऑगस्टमध्ये मोठा खंड पडला. देशात 1901 पासूनच्या नोंदींत तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला.

*2025 साल.* याच्या अगदी उलट. 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजीच मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर मोसमी पाऊस आल्याची आधीची नोंद नव्हती. लोक आनंदले, पण पुढं त्याची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत, सुमारे दोन आठवडे, थांबून राहिली. लवकर आलेला पाऊस टिकेलच असं नाही, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं. 'पेरणीची घाई करू नका' असं कृषी विभाग सांगत होता तो उगीच नाही.

*एल निनो.* टीव्हीवर हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तो पेरू देशाच्या मच्छीमारांचा शब्द, म्हणजे बाळ येशू, कारण नाताळच्या सुमारास त्यांना समुद्र कोमट झालेला जाणवायचा. प्रशांत महासागरावरचे पूर्वीय वारे एरवी कोमट पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडं ढकलत असतात. ते वारे दुबळे झाले की कोमट पाणी पूर्वेला पसरतं, हवा वर चढण्याची जागा बदलते आणि आपल्या मोसमी वाऱ्याचा जोर अनेकदा कमी होतो. 1904 ते 1924 या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या देशांतल्या हवेच्या दाबाच्या नोंदी जुळवून हे नातं शोधायला सुरुवात केली. भारतात दुष्काळ का पडतो, याचं उत्तर ते शोधत होते.

2009, 2015, 2023 ही एल निनोची वर्षं, पाऊस कमीच. पण 1997 साली जबरदस्त एल निनो असूनही देशात पाऊस बरा झाला. म्हणून एल निनो म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, असं समजू नका. आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याचा सगळा दोष वाऱ्यावरही टाकू नका. पडलेलं पाणी आपण किती अडवलं आणि उपसलं किती, हा हिशेब आपलाच असतो.

*गारपीट.* 2014 साली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात गारांनी गहू, हरभरा, द्राक्षं झोडपली. त्या दिवसांत उंचावरून गार, कोरडे पश्चिमी वारे येतात आणि खालून समुद्रावरची ओली हवा. दोन्ही भिडल्या की ढग फार उंच वाढतात आणि पाण्याचे थेंब वर गोठून गारा होतात.

6. वळीव की मोसमी? अशी ओळख पटवा

आता ज्यासाठी एवढं सगळं वाचलं, ते बघू.

*वळवाचा पाऊस:* सकाळपासून कडक ऊन आणि घालमेल. दुपारनंतर फुलकोबीसारखे ढग चढतात. आधी धुळीचं वावधान सुटतं, वाऱ्याची दिशा सारखी बदलते. कडकडाट, विजा, कधी गारा. एका शिवारात पाणी साचतं, बांधापलीकडं धूळ उडते. तासा-दोन तासांत संपतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच ऊन. हा आपल्याच जमिनीच्या तापण्यातून झालेला पाऊस. त्याच्यामागं समुद्राचा सततचा पुरवठा नसतो.

*मोसमी पाऊस:* वारा पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून, चार-पाच दिवस एकाच दिशेनं वाहतो. आभाळ भरून राहतं. दिवसाचं तापमान उतरतं. पाऊस एका शिवारात नाही, तालुकाभर पडतो आणि दिवसा-रात्री केव्हाही येतो.

एक सावधगिरी. आपल्याकडं मोसमी पाऊससुद्धा सुरुवातीला गडगडाट करत येतो. म्हणून नुसत्या गडगडाटावरून ठरवू नका. वारा, मोजमाप आणि अंदाज ही तिन्ही जुळली पाहिजेत.

मोजमाप: तळापासून वरपर्यंत सारख्या रुंदीचा डबा किंवा ग्लास उघड्यावर, झाडापासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी फूटपट्टीनं मोजा, लिहा आणि ओतून द्या. फूटपट्टीवरची एक बारीक रेघ म्हणजे 1 मिलिमीटर. एका एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी. कृषी विभाग सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका. म्हणजे रोजच्या नोंदींची बेरीज साडेसात ते दहा सेंटिमीटर. शिवाय ओल वीतभर खाली गेली का, आणि वाफसा आला का, हे रानात हातानं बघायचं.

माझ्या चुकीच्या त्या दोन दिवसांचा पाऊस नंतर मी महसूल मंडळाच्या नोंदीत पाहिला. दोन्ही दिवसांचा मिळून 41 मिलिमीटर. नाल्याला पाणी आलं होतं, पण रानाचं पोट भरलं नव्हतं.

अंदाज कसा वाचायचा: हवामान खात्याचे शब्द ठरलेले असतात.

– 'तुरळक ठिकाणी' म्हणजे भागातल्या चारपैकी फार तर एका ठिकाणी.
– 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत.
– 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून जास्त.
– 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे चारपैकी तीनपेक्षा जास्त.

'तुरळक ठिकाणी पाऊस' या अंदाजावर पेरणी करणं म्हणजे तीन हिस्से जुगार. रंगांचे इशारेही ओळखून ठेवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच जपा. शेतीचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. 'मेघदूत' ॲपवर तो मराठीत मिळतो. विजेसाठी 'दामिनी' ॲप आहे. विजा होत असताना झाडाखाली थांबू नका आणि शेतातल्या बायकांनाही थांबू देऊ नका. आणि बातमी वाचताना माझ्यासारखं नुसतं 'महाराष्ट्रात दाखल' वाचू नका, आपल्या जिल्ह्याचं नाव आहे का ते बघा.

वारा मोजायला शिकवणारी बाई: अण्णा मणी

अण्णा हे इथं बाईचं नाव आहे बरं का! त्यांचा जन्म 1918 साली आजच्या केरळातल्या पीरमेड इथं झाला. असं सांगतात की, घरच्या रीतीप्रमाणं आठव्या वाढदिवसाला त्यांना हिऱ्याची कर्णफुलं मिळणार होती, तर त्यांनी ती नको म्हणून ज्ञानकोश मागितला. त्या भौतिकशास्त्र शिकल्या, इंग्लंडला जाऊन हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास केला आणि 1948 साली पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. तोपर्यंत पर्जन्यमापकासारखी उपकरणंही बरीच बाहेरून यायची. ती आपल्याच देशात तयार व्हावीत म्हणून त्यांनी सुमारे 100 उपकरणांचे आराखडे पक्के केले. पुढं देशात वारा कुठं किती वाहतो याच्या नोंदी त्यांनी जमवल्या, त्या पवनचक्क्यांसाठी कामाला आल्या. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा बाणा होता. 2001 साली त्या गेल्या. पवनचक्की दिसली की त्यांची आठवण काढा.

आमच्या ग्रामसंघानं काय ठरवलं

त्या वर्षानंतर आम्ही ठराव केला. बियाण्याचं कर्ज मे महिन्यातच मंजूर करायचं, म्हणजे कोणी ऐनवेळी सावकाराकडं जाणार नाही. बियाणं घरात येऊन पडू दे. पण पेरणीआधी गटानं बैठक घ्यायची, पावसाच्या नोंदीची वही उघडायची आणि तीन प्रश्न विचारायचे. वारा कोणता? पाऊस किती मिलिमीटर? पुढच्या पाच दिवसांचा अंदाज काय? तिन्हींची उत्तरं मिळाल्यावर ज्या त्या घरानं ठरवायचं. गट पेरणी ठरवत नाही, गट फक्त माहिती समोर ठेवतो. आणि मॅडमनं तोंडी 'पेरा' म्हणायचं नाही, हे मी स्वतः लिहून घेतलंय.

यानं सगळं संकट टळतं असं नाही. 2023 च्या ऑगस्टसारखा खंड पडला तर नीट पेरलेलंही सुकतं. त्यासाठी पीक विमा, शेततळं, आंतरपीक हे वेगळे विषय आहेत. पण पहिल्या पावसाला भुलून होणारी दुबार पेरणी बरीच टाळता येते.

ज्या मावशींनी फुलं गहाण टाकली होती, त्यांच्याच अंगणात आता गटाचा पाऊस मोजायचा डबा आहे. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून आकडा त्या सांगतात आणि नात वहीत लिहिते. फुलं दुसऱ्या वर्षी सुटली. मागच्या बैठकीत मी पोचायच्या आधीच त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "अजून अठ्ठावीसच झालाय. थांबा."

या महिन्याच्या बैठकीत करून बघा

1. जुन्या साडीची पट्टी उंच बांबूला बांधा. सकाळी आणि संध्याकाळी वारा कुठून येतो ते महिनाभर लिहा. लक्षात ठेवा, वाऱ्याला नाव येतो त्या दिशेचं देतात. पट्टी पूर्वेला उडत असेल तर वारा पश्चिमेचा.
2. माती आणि पाण्याच्या ताटल्यांचा प्रयोग मुलांना घेऊन करा.
3. गटात कोणाकोणाला दुबार पेरणी करावी लागली आहे? तेव्हा पहिला पाऊस कसा आला होता, ते आठवून सांगा. वळीव होता की मोसमी?
4. गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, वाऱ्यावरून, मुंग्यांवरून, पक्ष्यांवरून त्या पाऊस कसा ओळखत होत्या. लिहून घ्या आणि वहीतल्या नोंदींशी ताडून बघा.
5. आपल्या गटात पाऊस मोजायची जबाबदारी कोण घेणार? तिचं नाव आजच्या इतिवृत्तात लिहा.

नोंदीची वही पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा दाखवा. आकडे चुकले तरी चालतील, पण वही कोरी नको.

तुमची,
क्षेत्र समन्वयक